व्याह्याच्या दारात समन्स

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठीक आहे, नाही चढत! पण समोरचा माणूस तोंडच उघडत नसेल तर शहाण्यानं जायचं तरी कुठे, ते काही ही म्हण करणारा सांगून गेला नाही.

मयूर विहारच्या त्या सोसायटीच्या गेटाशी उभ्या असलेल्या भाऊसाहेबांच्या मनात सकाळी सकाळी हेच चाललं होतं. शेजारी कोर्टाचा बेलिफ उभा होता, तोमर नावाचा, बॅग पोटाशी धरून. बॅगेत समन्स होतं. भाऊसाहेबांच्या लेकीनं, रेवतीनं, घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि जावई, अंकुर, समन्स काही केल्या घेत नव्हता. तोमर आला की गेटवरूनच निरोप मिळायचा, "साहब घर पर नहीं हैं." समन्स हातात पडल्याशिवाय केस पुढे सरकत नाही. वकीलबाई म्हणाल्या, आता घरचं कुणीतरी बेलिफबरोबर जा आणि माणूस ओळखून दाखवा. रेवतीचा भाऊ चैतन्य लगेच तयार झाला होता. पण भाऊसाहेब म्हणाले, "तू नको. मी जातो."

का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

अंकुर काही राक्षस नव्हता हो. दारू नाही, हात उचलणं नाही. नुसता अबोला. काही बिनसलं की महिना महिना मूग गिळून बसायचा. रेवतीनं विचारावं, रडावं, भांडावं, आणि यानं मोबाइलमध्ये डोकं घालून बसावं. शेवटी ती माहेरी निघून आली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आपण संमतीनं वेगळे होऊ या का, असं तिनं विचारलं, तेव्हाही याचं ना हो, ना नाही. इकडे भाऊसाहेबांची निवृत्ती तोंडावर आलेली. क्वार्टर सोडून नागपूरला परतायचं, त्याआधी पोरीचं काय ते मार्गी लागावं, एवढाच त्यांना घोर होता. धड सासरची नाही, धड मोकळी नाही, असं तिला या शहरात सोडून कसं जायचं?

आणि हे स्थळ आणलं कुणी? त्यांनीच! अंकुरचे वडील जयंतराव म्हणजे त्यांचे ऑफिसातले जुने दोस्त. रोज दुपारी एकमेकांचे डबे खाल्लेले. दोस्तीची सोयरीक केली, आता निस्तरा.

गार्डनं भाऊसाहेबांना ओळखलं. "अरे अंकल जी, बहुत दिन बाद!" म्हणत त्यानं वर न विचारताच दोघांना आत सोडलं. भाऊसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार जयंतरावांनी उघडलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की भाऊसाहेबांनी नजर खाली वळवली.

"भाऊसाहेब! अहो या, या! लतिका, बघ कोण आलंय! मला वाटलंच होतं, एक ना एक दिवस तुम्ही याल. समोरासमोर बसलं की सगळं सुटतं, यार." मग तोमरकडे बघून, "आणि हे?"

"माझ्याबरोबर आहेत."

खोटं नव्हतं ते. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती, आणि आली ती व्याह्याच्या घरात.

लतिकाबाईंनी पाणी आणून पुढे ठेवलं. भाऊसाहेबांच्या घशाला कोरड पडली होती, तरी त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. ज्याच्या घरचं पाणी प्यायचं, त्याच्याच घरात हे करायचं? नाही जमणार. लतिकाबाईंनी ग्लासाकडे पाहिलं, तोमरच्या बॅगेकडे पाहिलं, आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अंकुर!" जयंतराव आनंदानं ओरडले. "बाहेर ये, रेवतीचे बाबा आलेत!"

अंकुर शर्टाची बटणं लावत बाहेर आला. नोएडाला ऑफिसला निघायच्या घाईत होता. भाऊसाहेबांना पाहून क्षणभर थबकला आणि वाकून पाया पडला. लग्न झाल्यापासून पडत आला होता, तसाच. आणि भाऊसाहेबांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. हाताला कुठली कळायला कोर्टकचेरी!

तोमर उठला. "यही हैं?"

नाही म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. पण सकाळी चहा देताना रेवती म्हणाली होती, "तो वाईट नाहीये, बाबा. पण भिंतीशी किती दिवस बोलायचं मी?" या घरात गप्प बसणारं एक माणूस पुरे होतं.

"जी," भाऊसाहेब म्हणाले. "यही हैं. अंकुर." हात अजून त्याच्या डोक्यावरच होता.

तोमरनं कागद पुढे केले. जयंतरावांना उलगडा व्हायला वेळ लागला, आणि झाला तेव्हा त्यांचा आवाज फाटला. "भाऊसाहेब, अहो, तुमच्यासाठी दार उघडलं मी!"

"म्हणूनच मी आलो, जयंतराव. दुसऱ्या कुणासाठी तुम्ही उघडलं नसतं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मित्र गमावला, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. जयंतराव उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले.

"सही कर, अंकुर," लतिकाबाई म्हणाल्या. "बापाला यायला लावलंस तिच्या. आणखी काय बघायचं राहिलंय?"

अंकुरनं सही केली. ओळख पटवणारा म्हणून भाऊसाहेबांनी केली. तोमर पुढच्या कामाला निघून गेला.

लतिकाबाईंनी मघाचा ग्लास आत नेला आणि नवीन भरून आणला. "आता घ्या भाऊसाहेब. आता तरी चालेल ना?"

त्यांनी उभ्यानंच घटाघटा पाणी प्यायलं.

जिन्यापर्यंत अंकुर मागे आला. मग म्हणाला, "तारखेला येईन मी, बाबा. रेवतीला सांगा."

भाऊसाहेब दोन पायऱ्या उतरले होते. ते वळले.

"मी नाही सांगणार. तूच सांग. तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायला ती कोर्टापर्यंत गेली रे."