मला म्हणे लॉरीची झडप!

मी एक जुनं इंजिन आहे मित्रांनो, बोटीचं. आणि मी रागावलेलो आहे, ते आधीच सांगून टाकतो. गेल्या महिन्यात मला बोटीतून उपटून समुद्राच्या तळाशी सोडायचं ठरलं होतं. कशाला? तर दुसऱ्यांच्या होड्या बांधायला जड वजन म्हणून! चाळीस वर्षं राबलो त्याची ही किंमत.

नाखवा फामाऊच्या वडिलांनी मला थंड देशातल्या एका मासेमारी बोटीतून काढून आणलं. तेव्हापासून फाझा ते लामू, या दोन बंदरांमधला रोजचा फेरा. माणसं, शेळ्या, नारळ, नवरीच्या पेट्या, सगळं मी ओढलं. मला थंड ठेवायला समुद्राचंच खारं पाणी माझ्या पोटातून फिरतं. आणि डोक्यात असते एक छोटी पितळी झडप, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. मी गार असलो की ती मिटलेली, पुरेसा तापलो की उघडते आणि पाणी खेळवते. काम एवढंच, पण त्यावर माझा जीव.

ती झडप अडकायला लागली, तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरून कोम्बो मिस्त्री आला. उभा जन्म लॉऱ्या दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस.

"ही कशाला हवी? आपल्याकडे ऊन काय कमी आहे? थंड देशातले चोचले हे!" असं म्हणून त्याने ती दिली पाण्यात फेकून.

दोन वर्षं मी कुडकुडत चाललो. हसू नका! सतत गार पाणी पोटातून, मग तापणार कधी? धूर ओकायचो, दुप्पट डिझेल प्यायचो, आणि बोल मात्र मलाच. "म्हातारं खादाड झालंय," म्हणे!

शेवटी फामाऊच कंटाळला. "मिस्त्री, काहीतरी बसव बाबा." कोम्बोने लॉरीची झडप आणून ठोकली.

"बघ, कशी चपखल बसली!"

बसली हो, माप जुळलं. पण आकडा कोण बघणार? तिच्यावर ब्याऐंशी कोरलेलं होतं, म्हणजे तेवढे अंश तापल्यावरच ती उघडणार. लॉरीच्या पोटात गोडं पाणी, तिला तेवढी उष्णता चालते. माझ्या पोटात समुद्र! तो इतका तापवला तर मीठ धरणारच. आठ महिन्यांत माझ्या नसा मिठाने बुजल्या, आणि म्कांडाच्या अरुंद खाडीत, ऐन ओहोटीत, मी तापून बंद पडलो. बोट चिखलात रुतली. बावीस माणसं भरती येईपर्यंत खारफुटीतल्या डासांना जेवू घालत बसली.

"नाखवा, याच्याऐवजी गाढव जुंपलं असतंस तर पोचलो असतो रे!" एक म्हातारा ओरडला. सगळे हसले. फामाऊची मान खाली गेली, आणि मला बुडवायचं तिथेच ठरलं.

उचलायला हलकं व्हावं म्हणून त्यांनी माझं डोकं उघडलं. तेवढ्यात फामाऊची बायको म्वानाशा जेवण घेऊन आली. तिने आत डोकावलं.

"अगंबाई! ही तर माझी किटली! अहो, आपल्या विहिरीचं मचूळ पाणी मोठ्या आचेवर ठेवलं की तिच्यात असाच थर धरतो. समुद्र किती तापवत होतात तुम्ही?"

"वहिनी, तुम्ही आपली चूल सांभाळा," कोम्बो म्हणाला.

"तेच करतेय. तुम्हाला कुठे सांभाळता आली?"

ती कधी उघडते ते बघायला तिने लॉरीची झडप दोऱ्याला बांधून चुलीवरच्या पाण्याच्या पातेल्यात सोडली. पाणी खदखदायला आलं तेव्हा कुठे ती उघडली. फामाऊने मोम्बासातल्या बोटीच्या सामानाच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न होता, "आत पाणी कुठलं फिरतं, खारं की गोडं?"

देव त्याचं भलं करो! इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"खारं? मग पंचावन्न अंशांच्या आसपास उघडणारी घ्या. त्याच्या वर नको."

ती आली. म्वानाशाने तीही पातेल्यात पारखली. हाताला चटका बसू लागला तोच उघडली, बुडबुडे यायच्या कितीतरी आधी. मग आठवडाभर दोघांनी माझ्यातलं मीठ खरवडलं आणि मला पुन्हा जागेवर बसवलं.

आता मी असा धावतो की लोक विचारतात, "नवं इंजिन घेतलंस काय रे, फामाऊ?" आणि कोम्बो मिशीला पीळ देत सांगतो, "झडप मीच बसवली!" माफी कुणीच मागितली नाही. राहू दे.

पण काल आमच्या शेजारच्या बोटीतलं इंजिन त्या बोटवाल्यांनी धक्क्यापासून दूर नेऊन बुडवलं. माझ्याच वयाचं, तेही तापूनच बंद पडलेलं. मी जीव तोडून धडधडलो, तर फामाऊ म्हणतो, "आज म्हातारं खुशीत आहे." मित्रांनो, एखाद्याला टाकाऊ ठरवण्याआधी त्याच्या आत काय चाललंय ते उघडून तरी बघा. बुडवताना त्या इंजिनाच्या झडपेवरचं झाकण तसंच घट्ट बसलेलं होतं. ते उघडायला तीन नट सोडावे लागतात. फक्त तीन.