आजी म्हण

जिल्हा परिषदेच्या चार शाळा फिरून गिरिजाबाई केदारखेड्याला आल्या आणि शेवटपर्यंत तिथंच शिकवत राहिल्या. पहिलीचा वर्ग कायम त्यांच्याकडे असायचा, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असायचा. पहिल्या दिवशी दाराला धरून रडणारी पोरं दिवाळीपर्यंत त्यांच्या पदराला हात पुसायला लागत. रोज भोकरदनहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा राजानंद जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागला होता, त्याचं लग्न झालं होतं, आणि चार वर्षांनी निवृत्त झाल्यावर आपणही त्याच्याकडं जाऊन राहायचं असं बाईंच्या मनात होतं.

पण सून संध्या गेली. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. अर्पिता तेव्हा नऊ महिन्यांची होती. राजानंदची नोकरी फिरतीची, आज अंबड तर उद्या सिल्लोड. तेरा दिवसांचं लेकरू तरी बरं, नऊ महिन्यांचं माणूस ओळखतं आणि शोधत राहतं, असं बाई नंतर कधी कधी म्हणायच्या. त्यांनी पोरीला भोकरदनला आणलं आणि महिन्याभरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. हेडमास्तरांनी पुन्हा एकदा विचार करा म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, विचार झाला.

राजानंद रविवारी यायचा आणि दारातूनच ‘आई’ म्हणून हाक मारायचा. ते ऐकून अर्पिताही बाईंना ‘आई’ म्हणायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि बाईंनी कधी थांबवलंही नाही. संध्याचा फोटो भिंतीवर होता. पोरगी त्याला ‘फोटोतली मम्मी’ म्हणायची.

अशी सात वर्षं गेली. अर्पिता दुसरीत असताना राजानंदनं दुसरं लग्न केलं. मीना परतूरची, नर्सिंग शिकलेली. तिचा पहिला संसार दोन वर्षांतच मोडला होता. विहारात वीस-पंचवीस माणसांत लग्न लागलं. मीनानं सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर अर्पिताला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या केसांतून निसटलेली पिन नीट लावून दिली. बाईंनी ते पाहिलं. पोरगी हिच्याकडं नीट राहील हे त्यांना त्याच वेळी कळलं.

परीक्षा झाली की अर्पिताला जालन्याला न्यायचं ठरलं. तिथं शाळा चांगली, बाप रोज भेटणार, घरात आई. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि बाई नाही म्हणाल्याही नाहीत. मधे दोन महिने होते.

त्या दोन महिन्यांत बाईंनी पोरीला एकच गोष्ट शिकवायची ठरवली. आपल्याला आजी म्हणायचं.

शेजारच्या उषाबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, “कशाला जीवाला लावून घेता बाई? मीनाला म्हनू द्या की मम्मी. तुम्ही ऱ्हा आई.”

“न्हाई,” बाई म्हणाल्या. “एका पोरीला दोन आया झाल्या की ती बराबर मधी अडकते. मी असली लेकरं वर्गात पाह्यलीत. आईचं नाव विचारलं की खाली बघतात.”

आधी त्यांनी समजावून पाहिलं. मी पप्पांची आई, मंग तुझी कोण? अर्पिता म्हणायची, आजी. आणि पुढच्याच क्षणाला, आई, भूक लागली. पंधरा दिवस असंच चाललं. मग बाईंनी मन घट्ट करून ओ देणं बंद केलं. ‘आई’ म्हटलं की त्या वळायच्या नाहीत.

एका दुपारी त्या आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. अर्पिता बाहेरून आली. “आई,” ती म्हणाली. बाईंनी मान वर केली नाही. “आई, बघ ना.” बाई खडे वेचत राहिल्या. पोरगी तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज चिरकला होता. नंतर काहीच ऐकू आलं नाही. बाईंना वाटलं ती गेली. तेवढ्यात दारातून अगदी हळू, परक्याच्या घरी आल्यासारखं कुणी म्हणालं, “आजी.”

बाई वळल्या. पोरीचा गुडघा फुटला होता आणि रक्त पायावरून ओघळून चपलेपर्यंत आलं होतं.

त्यांनी जखम धुतली, हळद लावली, फडकं बांधलं. अर्पिता रडली नाही. बाईही तिच्यासमोर रडल्या नाहीत. त्या दिवसानंतर पोरीनं त्यांना पुन्हा आई म्हटलं नाही.

एप्रिलच्या शेवटी राजानंद आणि मीना गाडी घेऊन आले. कपड्यांची पेटी, सायकल, दप्तर, सगळं मावलं. मीनानं बाईंनाही चला म्हणून दोनदा म्हटलं. बाई म्हणाल्या, येईन मंग. पोरगी आधी तुझी होऊ दे, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्यानंतर घरात बोलायला कुणी नव्हतं. सकाळी वंदना करताना तेवढा त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा. बाजारात जुने विद्यार्थी भेटत, बाई बऱ्या आहात का विचारत, आणि गाडीला किक मारून निघून जात. दुपारी साडेचारला, शाळा सुटायच्या वेळेला, बाई उगाच फाटकापर्यंत जाऊन यायच्या. उषाबाईंना ते दिसायचं.

सप्टेंबरात एका सकाळी मीनाचा फोन आला. अर्पिताला तीन दिवस ताप होता. रक्त तपासलं होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मीनाचा आवाज बसला होता.

“आत्याबाई, ती सारखी ‘आई, आई’ करून राह्यली. मलाही आता ती आईच म्हणते, पण मी जवळच बसलेली असते, तरी करते. मला वाटतं तुम्हालाच बोलावून राह्यली. तुम्ही या.”

बाईंनी साडी बदलली, कुलूप लावलं आणि मिळेल ती गाडी धरली. वाटेत केदारखेडा आलं. शाळेचं मैदान खिडकीतून गेलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तीन दिवस पोरगी आपल्याला हाक मारतेय आणि आपण इथं. आपण शिकवलेलं तापात गळून पडलं, ह्याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटत नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत राजानंदचं घर. रिक्षा आत जाईना म्हणून बाई चालत गेल्या. अर्पिता झोपली होती. चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. मीना उशाशी बसली होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. बाई पलंगाजवळ खुर्चीवर टेकल्या.

थोड्या वेळानं पोरीनं कूस बदलली आणि डोळे न उघडताच म्हणाली, “आई.”

दोघी एकदमच उठल्या. मीना लगेच थांबली, बाजूला सरली.

“तुम्ही जा, आत्याबाई.”

पोरीनं परत हाक मारली. तो लांबवलेला ‘आ’ बाईंच्या ओळखीचा होता. सात वर्षं त्या तो ऐकत आल्या होत्या. एक पाऊल टाकलं असतं तर हात कपाळाला लागला असता. पण मीना भिंतीला टेकून उभी होती. तीन दिवस जागून, शेवटी स्वतःच फोन करून ही बाई आपली जागा सोडायला तयार झाली होती.

“न्हाई,” बाई म्हणाल्या. “मी आल्याचं तिला माहीतबी न्हाई. ती तुलाच बोलावून राह्यली. जवळ जा.”

मीना गेली. तिनं कपाळावर हात ठेवला. अर्पितानं तो हात दोन्ही हातांनी धरला आणि गालाखाली घेतला. मग डोळे उघडून मीनाकडं पाहिलं आणि पाणी मागितलं. पाणी प्याल्यावर तिला खुर्ची दिसली.

“आजी, तू कधी आलीस?”

“आत्ताच,” बाई म्हणाल्या.

ती हाक कुणाला होती हे बाईंना कधी कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. बाई चार दिवस राहिल्या. मीना त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायची: भात मऊ करू का, केस आज धुऊ का, तिला शाळेत कधी पाठवू. अर्पिताही आधी आजीकडं बघायची, मग मीनाचं ऐकायची. पाचव्या दिवशी बाईंनी पिशवी भरली. राजानंद म्हणाला, “आई, आता इथंच राहा. तिकडं एकटी काय करतेस?” बाई म्हणाल्या, घर बंद राह्यलं की खराब होतं.

त्या भोकरदनला परतल्या तेव्हा उन्हं कलली होती. उषाबाईंनी विचारलं, कशी हाय पोरगी? बाईंनी सांगितलं, बरी झाली, आईपाशी छान राहिली. मग दार उघडून त्या आत गेल्या. हात-पाय धुतले, लाईट लावला आणि पलंगाच्या काठावर बसून राहिल्या. चहा करावा असं त्यांना दोनदा वाटलं, पण एकटीसाठी उठवेना.