अमेरिकेतल्या आमदारबाईंची शाल

माझं जन्मगाव छत्रपती संभाजीनगर. मी हिमरू शाल आहे, आता बरीच जुनी झालेली. मित्रांनो, हिमरूचा उभा धागा सुताचा असतो आणि आडवा रेशमाचा. नक्षी समोरून दिसते, मागे सुटे धागे तसेच राहतात. त्यामुळे आमच्यात ऊब राहते, पण आम्ही कशातही पटकन अडकतो. मला विणणारे कारागीर म्हातारे होते. त्यांच्या मुलांपैकी कुणी मागावर बसलं नाही. नंतर मी दुकानाच्या काचेच्या कपाटात घडी होऊन पडले. येणारे लोक मला हात लावून पाहत आणि मशीनवरची शाल घेऊन जात.

एके दिवशी धम्मपाल नावाचा बांधकाम मजूर दुकानात आला. वस्तीनं वर्गणी काढून त्याला पाठवलं होतं.

“किसके वास्ते, भाई?” दुकानदारानं विचारलं.

“माझी बहीण अमेरिकेत आमदार हाय. तिचा सत्कार हाय.”

“अमेरिका में भी आमदार होते?”

“व्हय. फक्त त्यांचे फ्लेक्स नसतेत.”

“तो लोगों को पता कैसे चलता?”

तो मला घेऊन घरी आला.

त्याची बहीण म्हणजे संध्याताई. त्या याच शहरातल्या बौद्ध वस्तीत वाढल्या, रसायनशास्त्र शिकल्या, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेल्या आणि तिथंच प्राध्यापक झाल्या. पुढे तिथलं नागरिकत्व घेऊन त्या एका दक्षिणेकडच्या राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. त्या राज्यातलं ऊन आपल्या मराठवाड्यासारखंच आहे.

त्यांचे वडील कडुबा हे बिडकीनजवळ एका कारखान्याच्या बांधकामावर होते. मे महिन्याच्या दुपारी मिक्सरमध्ये खडी टाकता टाकता ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. जवळ सावली नव्हती. मरणाचं कारण हृदयविकार लिहिलं गेलं. उष्णतेनं माणसाच्या शरीरात काय काय बिघडत जातं, हे संध्याताईंना नीट ठाऊक होतं. तिकडच्या राज्यातही मजूर असेच मरत होते. म्हणून त्यांनी एक विधेयक मांडलं. उघड्यावर काम करणाऱ्याला सावली, गार पाणी आणि विसावा मिळालाच पाहिजे, एवढंच त्यात होतं. विधिमंडळाच्या समितीनं ते मान्य केलं. ती बातमी घेऊन त्या सुट्टीत घरी आल्या आणि वस्तीनं सत्कार ठेवला.

विहारासमोर मांडव होता. धम्मपाल माइकवर म्हणाला, “मजुरांसाठी कायदा केल्याबद्दल माझ्या ताईचा सत्कार आमची माय करणार हाय.”

संध्याताई त्याच्याजवळ सरकल्या. “धम्मा, अजून झालेला नाही. समितीत झालाय. सभागृह राहिलंय.”

“होईलच की ताई. आपल्याकडं भावी आमदाराचा बी सत्कार होतो. तू तर झालेली आमदार.”

तेवढ्यात त्यांची आई गोजरबाई मला घेऊन उभी राहिली. तिनं मला मुलीच्या खांद्यांवर पसरलं, दोन्ही बाजूंनी सारखं केलं आणि म्हणाली, “तुझा बाप आज पाहिजे व्हता.”

कायदा अजून झालेला नाही, हे संध्याताई आईलाही सांगणार होत्या. त्याऐवजी त्या वाकून तिच्या पाया पडल्या.

मग मी अमेरिकेला गेले. सभागृहात त्या मला खांद्यावर घेत. सदस्यत्वाच्या बिल्ल्याच्या टाचणीत माझे मागचे धागे अडकत, त्या ते हळूच सोडवत. तिथला नियम मला हळूहळू कळला. विधेयक पाडायला त्याच्याविरुद्ध मत द्यावं लागत नाही. ते कामकाजात घेतलंच नाही तरी पुरतं. अधिवेशन संपलं की न घेतलेली विधेयकं आपोआप रद्द होतात. संध्याताईंचं विधेयक असंच रद्द झालं. पुढच्या खेपेला ते समितीतूनही बाहेर आलं नाही. त्यांना कुणी वाईट बोललं नाही. सगळे म्हणत, चांगलं विधेयक आहे, पुढे पाहू. बांधकाम कंपन्यांची माणसंही हात मिळवून असंच म्हणून गेली. पुढच्या निवडणुकीत संध्याताई पडल्या.

आई फोनवर विचारायची, “कायदा नीट चाललाय ना?”

“चाललंय, माय,” त्या म्हणायच्या.

पडल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या मला घेऊन घरी आल्या. धम्मपालची गालफडं बसली होती. त्यानं जेवताना सांगितलं, ते मी खुंटीवरून ऐकलं. आईच्या सांगण्यावरून त्यानं साइटवर सावली मागितली होती. माझ्या बहिणीनं अमेरिकेत कायदा केलाय, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. शिवशंकर मुकादम हसून म्हणाला होता, “बस की मग सावलीत. उद्यापासून घरच्याच सावलीत बस.” दोन महिने त्याला काम नव्हतं. हातापाया पडल्यावर नुकतंच परत घेतलं होतं.

संध्याताईंनी ताट बाजूला सारलं. “माय, कायदा झालाच नाही. तिथंही झाला नाही. आता मी आमदारही नाही.”

गोजरबाईनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “मग तुला शाल कशाची घातली आम्ही?”

ती उठली, मला खुंटीवरून काढलं आणि धम्मपालच्या मांडीवर टाकलं.

“साइटवर ने. बांबूला बांध. तेवढी तरी सावली व्हईल.”

“माय, लोक हसतील.”

“हसू दे. पाणी प्यायला तरी माणूस तिच्याखाली उभा राहील.”

“ने, धम्मा,” संध्याताई म्हणाल्या.

सकाळी धम्मपालनं मला पाण्याच्या ड्रमवर चार बांबूंना बांधलं. रेशमी शाल उन्हासाठी विणलेली नसते, माझे रंग दोन दिवसांतच उडू लागले. तरी खाली सावली पडत होती. मजूर एकेक करून येत, पाणी पीत आणि क्षणभर थांबत. मी एवढ्या कामाची कधीच नव्हते.

तिसऱ्या दिवशी शिवशंकर मुकादम आला. त्यानं माझं टोक बोटांत धरून पाहिलं.

“आमदारबाईची शाल व्हय ही? लई भारी. धम्मा, तो ड्रम घे तिकडं आणि माझी खुर्ची आण इथं.”

धम्मपालनं ड्रम ओढत नेऊन उन्हात ठेवला. मग खुर्ची आणली.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू सांगतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही, जपण्यासारखं माझ्यात आता काही उरलेलं नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणाकुणाचे सत्कार कराल. तेव्हा काम झालं आहे का, हे आधी विचारा. आणि कुणासाठी सावली बांधलीत, तर बांधून लगेच निघून जाऊ नका. तिथं कोण बसतंय ते पाहा.

दुपारी ऊन सरकतं, तशी माझी सावलीही सरकते. मुकादम खुर्ची तिच्याबरोबर सरकवतो. समोर धम्मपाल मिक्सरमध्ये खडी टाकतो आहे.