शेजारची टपरी

शिरोलीकडचा फौंड्री कारखाना बंद पडला, तेव्हा गुंडू आणि आकाराम एकाच दिवशी घरी बसले. मग त्यांच्या बायकांनी एसटी स्टँडबाहेर शेजारी शेजारी पानटपऱ्या टाकल्या. गुंडूची शालूबाई आणि आकारामची चिमणाबाई. वर्षभर दोघींचं सारखंच रडतखडत चाललं. पुढं आकाराम काविळीनं गेला आणि चिमणाबाई एकटी पडली. तेव्हा शालूबाईच तिच्या उशाशी बसली होती.

दोन हजार दोन साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. शालूबाईनं घाबरून पुड्यांच्या माळा काढून टाकल्या. गिऱ्हाईक यायचं, तिच्या टपरीवर नजर फिरवायचं आणि शेजारी सरकायचं. चिमणाबाईकडं पुडी मिळत होती. कर्नाटकात बंदी नव्हती. तिकडून माल यायचा आणि इथं दुप्पट भावानं जायचा. सहा महिन्यांत तिच्या टपरीला नवा निळा पत्रा बसला, आत फ्रीज आला, कानात सोन्याची फुलं आली. शालूबाईच्या टोपलीतली पानं मात्र सुकून जायची.

"नवरा मेल्यावर बाई उजळलीया," ती पुटपुटायची आणि चुना जरा जास्तच जोरात घोटायची.

त्यात गुंडू. मार्केट यार्डात हमाली मिळाली, असं तो सांगायचा. पण घरी येताना त्याचे पाय आधी चिमणाबाईपाशी थांबायचे. दोघं हळू आवाजात बोलायची. एकदा तर तो खळखळून हसला. कारखाना सुटल्यापासून घरात तो तसा कधी हसला नव्हता.

"काय बोलत हुतासा तिच्यासंगं?" शालूबाईनं विचारलं.

"काय न्हाय. इचारपूस."

दुसऱ्या दिवशी तिनं डब्याच्या फोनमध्ये रुपया टाकला. गुटख्याची खबर द्या, म्हणून अन्न-औषध खात्याचा नंबर पेपरात आला होता. "स्टँडाबाहेर निळी टपरी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळी नवाच्या सुमाराला माल येतोय." ती स्वतः दहाला टपरी उघडायची, पण नवाची वेळ गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून तिच्या कानावर आली होती. पलीकडून नाव विचारलं, तशी तिनं फोन ठेवला.

बुधवारी ती मुद्दाम लवकर येऊन टपरीवर बसली आणि नवाच्या आधी जीप आली. साहेबांनी चिमणाबाईचा फ्रीज बाजूला ओढला, डबे उपडे केले. शालूबाई खाली मान घालून बघत होती आणि तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढ्यात कर्नाटकातून, निपाणीची गाडी लागली. दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन एक माणूस उतरला आणि सवयीनं सरळ निळ्या टपरीकडं चालत आला. तो गुंडू होता.

जीप दिसेपर्यंत उशीर झाला होता.

"माल माझा हाय," चिमणाबाई ओरडली. "ह्यो नुसता हमाल! त्याला सोडा!" पण दोघांनाही नेलं.

बाईमाणूस म्हणून चिमणाबाई संध्याकाळीच सुटली. दुसऱ्या दिवशी स्वतः वकील घेऊन गेली, गुंडूला सोडवलं आणि त्याला दारापर्यंत घेऊन आली.

"शालू, रागावू नगंस," ती म्हणाली. "काम द्या म्हणून भावजीच माझ्याकडं आलं. तुला कळू द्यायचं न्हाय म्हनलं. माझ्या हाताखाली राबत्यात हे तुला सोसलं नसतं."

म्हणजे इतके महिने आपल्या घरात पीठ येत होतं ते हिच्या टपरीतून!

जेवताना गुंडू म्हणाला, "माझ्यापायी सगळं अंगावर घेतलं तिनं. देवमानूस हाय."

एवढं मात्र तिला सोसवलं नाही. "व्हय? मग ऐका! फोन मी केलता!"

त्याचा घास हातातच राहिला. "कशापायी?"

"तुमी तिच्याम्होरं हसत हुतासा की!"

गुंडू ताटातच हात धुऊन बाहेर निघून गेला.

फोनचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही, चिमणाबाईलाही नाही. पंधरा दिवसांत निळी टपरी पुन्हा उघडली. माल दुसरंच कुणी आणू लागलं. गुंडू आता खरंच मार्केट यार्डात पोती उचलू लागला. येताना तो कुठंच थांबायचा नाही, दोन्ही टपऱ्यांवरून खाली मान घालून पुढं निघून जायचा.

"शालू, च्या घेतीस न्हवं?" चिमणाबाई हाक मारायची. शालूबाई चहा घ्यायची. पण एक किडा तिला आतून कुरतडत राहिला: नवऱ्यानं तोंड मिटलं ते बायकोला वाचवायला, की चिमणाबाईचं मन दुखू नये म्हणून? त्याला विचारायची तिची छाती झाली नाही.