सकाळचे सहा प्रश्न

"काल रात्री किती वेळा जाग आली?" नवऱ्याचा मोबाइल हातात धरून तिने बाथरूमच्या दाराशी विचारलं.

"टाक काहीतरी. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं," आतून आवाज आला.

तिने 'एकदा' टाकलं.

नऊ आठवडे हेच चाललं होतं. त्याच्या बसखाली एक स्कूटरवाला आला. चौकशीत नवऱ्याची चूक नाही असं ठरलं, तरी डेपोने त्याला गाडीवरून उतरवलं आणि हे अ‍ॅप दिलं. रोज सहा प्रश्न. उत्तरांवरून शिकत ते प्रत्येक माणसाचा उपचार वेगळा ठरवायचं. आकडे सुधारले की स्टिअरिंग परत.

"यंत्राला काय गाऱ्हाणी सांगायची?" असं म्हणून त्याने मोबाइल तिच्याकडे सरकवला होता. दिवस चुकला की लाल खूण यायची, म्हणून ती भरत गेली. झोप, भूक, चिडचिड बाहेरून दिसायची. छातीत धडधडतं का, हे दिसत नसे. तिथे ती जरा थांबायची आणि स्वतःला जाणवेल ते टाकायची.

हळूहळू अ‍ॅपवरचे धडेही बदलले. सुरुवातीला रस्त्याबद्दल असत. मग यायला लागलं : दाराची कडी एकदाच तपासा. शेजारच्याचा श्वास ऐकत जागू नका. तिने वाचून दाखवलं तेव्हा तो हसला होता. "तुझीच जन्मपत्रिका आहे की." तीही हसली होती. त्यातले श्वासाचे व्यायाम तोच करत नाही म्हटल्यावर, निदान कळावेत म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत करून पाही. हल्ली तिला झोप लागत होती.

तो चहाला बसला आणि फोन वाजला. तिने उचलला. डेपोच्या समुपदेशक बाई होत्या.

"ताई, तुमचं अभिनंदन करायला हवं. इतकी छान सुधारणा फार थोड्यांची होते. संध्याकाळी मंजुरी पाठवते. सोमवारपासून ड्युटी. त्यांना देता?"

"हो मॅडम. बरं आहे. एकदम ठीक," तो फोनवर म्हणाला.

खाली रस्त्यावर कोणीतरी करकचून ब्रेक दाबला. नवऱ्याचा आवाज बदलला नाही. पण टेबलाखाली त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, टाचेपर्यंत, आणि फोन ठेवल्यावरही तसाच राहिला.

"सोमवारी डबा लवकर लागेल," तो म्हणाला.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्या दिवशी तिने एका बाटलीतलं क्लोरीन तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा बरोबर होता. चौथ्यांदा बाटली उचलली तेव्हा सहकारी म्हणाली, "अगं, आकड्याचं सोड. नमुना कुठल्या नळाचा, चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी नव्हती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"मॅडम, मंजुरी पाठवू नका. ती उत्तरं मी भरलीत."

"त्यांना विचारून ना?"

"आधी विचारून. मग नुसतीच."

"म्हणजे आम्ही दोन महिने उपचार केले कोणावर?"

"माझ्यावर," ती म्हणाली.

घरी येऊन तिने चप्पल काढायच्या आधीच त्याला सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने खिडकी लावून घेतली.

"म्हणजे सोमवार गेला."

"गेला. पहिल्यापासून भरायचं म्हणाल्या."

"डेपोत काय सांगू? बायको बरी झाली म्हणून?"

तिने आता चप्पल काढली. तो खुर्चीत बसला. पाय पुन्हा फरशीवर दाबलेला.

"आण तो मोबाइल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तू वाच. चष्मा नाहीये."

चष्मा त्याच्या खिशात होता. तिने पहिला प्रश्न वाचला. "आज डोळ्यांसमोर तो प्रसंग किती वेळा आला?"

तो टेबलाकडे पाहत राहिला. ओठ हलले, पुन्हा मिटले. मोबाइलचा पडदा काळा होत आला, तेव्हा तिने कडेला हलकेच बोट लावून तो उजळवला. मग पुन्हा एकदा. आकड्यांना तिने हात लावला नाही.