हळदीला न पिणारे पाहुणे

पत्ता

दारू सोडलेल्यांची सभा कुठे भरते हे नाथाला शेवटी बारमध्ये कळलं. मेडिकलवाल्याला माहीत नव्हतं, नगरसेवकाला माहीत नव्हतं. बारमध्ये मात्र विचारायचा अवकाश, चारी टेबलं एकदम बोलू लागली.

"कुळगावात. शाळेच्या मागची खोली."

"चहा चांगला देतात."

"जिना जपून उतर. मी पडलेलो."

"तू पिऊन गेलेलास."

"मग, शुद्धीत कोण जातो तिथे?"

कारण

अक्षदा. नाथाची एकुलती एक लेक. तिची हळद जांभूळ गावात, घराच्या दारातच व्हायची होती, आणि तिने बापाला ओटीवर बसवून सांगितलं होतं, "बाबा, त्या दिवशी तू पिलास तर मना हळद लावायची नाय. मामा लावेल."

मामा म्हणजे नाथाच्या बायकोचा, बनूबाईचा भाऊ, जितेश. हळदीत दारू वाटायचं खातं त्याच्याचकडे. आणि नवरीच्या बापाने पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून घोट घेतला नाही तर पाहुणा रुसतो. रुसलेला पाहुणा जेवत नाही. न जेवलेला पाहुणा पुढे वर्षभर गावभर सांगत फिरतो.

सभा

नाथा दोनदा मागच्या बाकावर गप्प बसून आला. तिसऱ्या वेळी उठला आणि म्हणाला, "मना हळदीपुरती तुमच्यातली मानसं द्या."

सभा चालवणारे हेमचंद्र अंबरनाथच्या फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढला. "नाथाराव, माणसं मंडपवाला पुरवतो."

"त्याची पितात, साहेब. मना आजूबाजूला न पिनारी पायजेत. एकटा मी नाय टिकनार."

उल्हासनगरचा कापडवाला धर्मेश म्हणाला, "मटन है?"

"हाय."

"तो मैं आया."

"आणि आम्ही कोण म्हणून विचारलं तर?" सरस्वतीबाईंनी विचारलं. त्या नर्स होत्या. सभेतली गोष्ट बाहेर न्यायची नाही हा तिथला नियम.

"कोन नाय विचारत. मुलीकडच्यांना वाटेल मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटेल मुलीकडची."

मांडव

जितेश ग्लास घेऊन आला. "घ्या साहेब."

"आज नाही," हेमचंद्र म्हणाले.

"मग उद्या या, घरीच बसू."

"उद्याचं उद्या बघू."

धर्मेशला विचारलं. आज नाही. सरस्वतीबाईंना कोकम दिलं, त्यांनी आधी ग्लासचा वास घेतला. शर्ट खोचलेली ही सगळी मंडळी एका रांगेत बसून पाणी पीत होती आणि कोण किती ओततोय ते टक लावून बघत होती. तशी त्यांची जुनी सवयच.

मांडव, या टोकापासून त्या टोकापर्यंत

"कोन रं ती?" "नवऱ्याकडची." "नाय, आमची नाय." "मंग?" "वास घेऊन बगतायत." "एक्साइज!" "बाईपन हाय." "लेडीज एक्साइज!" "परवाना कोनी काढलाय?" "जितेशने." "मी? मना वाटलं भावोजींनी!"

डीजे बंद.

खोली

नाथा सदरा बदलायला आत गेला होता. दार धाडकन उघडलं आणि जितेश दोघांना घेऊन खोके आत ढकलू लागला.

"भावोजी, रेड पडलीय. नवरीच्या बापाच्या खोलीत कोन हात घालनार? तुमी नुसतं राखा."

"जितेश, मना बाहेर येऊ दे!"

बाहेरून कडी लागली.

फोन

"साहेब, मी दारूत कोंडलोय."

"प्यायलात?"

"नाय. पन हितं दुसरं कायच नाय. खोके हायत. मटनाचे कांदे हायत."

"फोन ठेवू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. नाहीतर कांदा खा."

कचकच.

"साहेब?"

"आहे. खा."

कचकच.

दार

कानाला फोन लावून हेमचंद्र सरळ त्या खोलीकडे चालू लागले. जितेश आडवा आला आणि त्याने हातच जोडले. "साहेब, माल माझा. भावोजींचा काय संबंध नाय."

हेमचंद्रांनी त्याला हलकेच बाजूला केलं आणि कडी काढली. नाथा बाहेर आला. डोळे लाल, अंगाला दरदरून घाम. मागे उघड्या दारातून खोके दिसत होते.

पिवळी साडी नेसलेली अक्षदा पाटावरून उठली. सगळ्यांदेखत बापासमोर येऊन उभी राहिली. "तोंड उघड."

नाथाने उघडलं. तिने वास घेतला आणि मागे सरकली.

"कांदा. वास मारायला तू नेहमी कांदाच खातोस, बाबा."

इतकी वर्षं नाथाने खरोखरच तेच केलं होतं. जितेशने हळदीची वाटी उचलली.

"थांबा," हेमचंद्र म्हणाले. त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. कॉल अजून चालूच होता. "हा माणूस आत गेल्यापासून माझ्या कानात कांदे चावतोय. घोट घ्यायला मध्ये जागाच नव्हती. विश्वास नसेल तर आत जाऊन बाटल्यांची सीलं बघ."

अक्षदा आत गेली. मांडव ताटकळला. एकेक खोका सरकवल्याचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कांद्याची सालं होती, ओंजळभर.

"एवढे?"

"तोंड मोकळं ठेवायची भीती वाटत व्हती, बाय."

तिने मामाच्या हातातली वाटी घेतली, बापाच्या हातात दिली आणि गाल पुढे केला.

"लाव," ती म्हणाली. "पन तोंड तिकडे करून लाव."