राखून ठेवलेली शीर

ढब्बूच्या हाताला शीर सापडेना, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रातल्या नर्सनं हात टेकले आणि मला आत बोलावलं. रक्त तपासल्याशिवाय औषधं सुरू होत नाहीत आणि त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मी एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्तच काढते. ही फुशारकी नर्ससमोर मघाशी मीच मारली होती. घ्या आता.

ढब्बू माझा धाकटा भाऊ. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून हे नाव पडलं. आता खुर्चीत नुसती हाडं बसली होती. सकाळी त्यानं आपणहून चपला घातल्या आणि म्हणाला, ने मला. त्याचा विचार बदलायच्या आत मी रिक्षा गाठली. आज रक्त मिळालं नाही आणि त्याला घरी न्यावं लागलं, तर तो पुन्हा कधी तयार होणार नव्हता.

मी हात चाचपले. कोपराची खळगी, मनगट, पंजाची मागची बाजू, सगळीकडे नशेच्या सुया टोचून टोचून शिरा वाळून कडक झालेल्या. आमच्या लॅबमध्ये तान्ही बाळं आणि वाळलेले म्हातारे हमखास माझ्याच गळ्यात मारतात, पण असे हात मी पाहिले नव्हते. एवढं सगळं जाळून बसलास मेल्या, असं म्हटलं तर तो हसला. म्हणाला, ताई, तुझं नाव बुडवलं मी.

मग लक्षात आलं, एवढ्या उकाड्यात यानं चपलेत मोजे घातलेत आणि डावा पाय खुर्चीखाली ओढून धरलाय. मी मोजा काढ म्हटलं. तो तिथं नको म्हणाला, मग उद्या येऊ म्हणाला, मग चक्कर येतेय म्हणाला. शेवटी मी खाली बसले आणि मोजा ओढूनच काढला.

पायाच्या पाठीवर एक शीर होती. टपोरी, मऊ, एकही डाग नसलेली. नर्स खूश होऊन आत नळी आणायला गेली. खरं सांगते, मलाही आधी आनंदच झाला. मग विचारलं, ही कशी काय वाचली?

"राखून ठेवलीय," तो म्हणाला. "बाहेर पडल्यावर नाहीच जमलं, तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई घरी जीव मुठीत धरून बसली होती, मी कामावर खाडा केला होता, आणि हा परतीची सोय करून आला होता. नर्सनं नळी आणून दिली आणि ती कागदांवर डॉक्टरीणबाईंची सही घ्यायला बाहेर गेली. रक्त पहिल्याच फटक्यात आलं, नळी भरली. आता सुई काढून कापूस दाबायचा. मी ती काढली नाही. आणखी आत रेटली आणि फिरवली. कातडीखाली निळं टेंगूळ चढलं.

ढब्बू ओरडला नाही. सुई त्याला माझ्याइतकीच कळते.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. आता काही उरलं नाही, असंही म्हटलं, आणि मला बरं वाटलं.

त्यानं मोजा हळूच वर ओढला. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "मान उरलीय, ताई."

मानेत चुकलं की माणूस जागीच संपतो, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. म्हणून तर त्यानं पाय जपला होता. मी त्याला गच्च धरलं, चुकले म्हटलं, बाहेर येऊच नकोस म्हटलं, काय काय बोलले. त्यानं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

नर्स आली, नळी बघून म्हणाली, कमाल आहे हं तुमची. मग त्याला दंडाला धरून आतल्या दाराकडे घेऊन गेली. तो लंगडत होता. दारात त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा गळ्यावरची शीर उठून दिसली. इतकी ठळक, की नवशिक्यालाही सापडली असती.